उतरतीच्या खुणा

१

“ताई, लोकांचे बूट स्वच्छ येतायत,” गुंड्या म्हणाला.

मी फाटकावरच्या वहीत नावं लिहीत होते. मान वर न करता म्हटलं, “मग काय, बक्षीस देऊ त्यांना?”

“तसं नाही गं. वरून उतरून येणारे. त्यांचे स्वच्छ येतायत.”

गुंड्या माझा धाकटा भाऊ. वय शेहेचाळीस, अंगाने गोल, आणि चेहरा असा की जगात कुणाचाच त्याला राग येऊ नये. जुन्या वाटेच्या पायथ्याशी सिमेंटची एक हौदी आहे. तिच्यात औषधाचं पाणी असतं आणि बाजूला चार ब्रश साखळीने बांधलेले असतात. डोंगरावरच्या झाडांना मुळांचा रोग लागलाय, तो मातीतून पसरतो, म्हणून चढणाऱ्याने आणि उतरणाऱ्याने बुटांचे तळ घासूनच जायचं असा नियम. तो पाळायला लावायचं काम गुंड्याचं. लोक वैतागतात, आणि हा बाबा हसत हसत वाकून स्वतःच त्यांचे बूट घासून देतो. हजारदा सांगितलंय, ब्रश त्यांच्या हातात दे, तू काय त्यांचा गडी आहेस? ऐकेल तर शपथ.

आता, जुन्या वाटेने स्वच्छ बुटांनी खाली येणं शक्यच नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या दगडी पायऱ्या आहेत त्या, आणि बरोबर मध्यावर एक झरा बारा महिने पायऱ्यांवरून पाझरतो. काळा, चिकट चिखल. तो तुडवल्याशिवाय ना वर जाता येत ना खाली.

“गवतात पुसले असतील,” मी म्हटलं.

“चाळीस जणांनी? तळाच्या खाचांतसुद्धा काही नाही. घरात शिरताना पायपुसण्यावर नीट पुसावेत ना, तसे.”

“काम कमी झालं तर तेही बोचतं तुला. जा, चहा टाक.”

तो गेला. मी पुढचं नाव लिहायला घेतलं, पण पायपुसण्याचं त्याने काढलेलं मला अजिबात आवडलं नाही. का आवडलं नाही ते मला तेव्हाच माहीत असायला हवं होतं.

२

गर्दीच्या दिवसांत मी फाटकावर बसते, पण माझं खरं काम रंगाचं. डोंगरावरच्या वाटांच्या खुणा मी मारते. पांढऱ्या ऑइलपेंटचा हातभर उंच पट्टा, झाडाच्या बुंध्यावर नाहीतर दगडावर. चढणाऱ्याला दिसतात त्या चढतीच्या खुणा, आणि त्याच वाटेने परतणाऱ्याला दिसतात त्या उतरतीच्या. जुन्या वाटेवर उतरतीच्या सदतीस आहेत. माझा हात ओळखू येतो, पट्ट्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला माझ्या ब्रशची छोटी शेपटी सुटते. सव्वीस वर्षं झाली, ती सवय काही जात नाही.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. कवडीचं कौतुक न करणारा माणूस. त्यांचा एकच नियम होता. चढतीच्या खुणा चढताना मारायच्या, उतरतीच्या उतरताना. रंग संपला, पाऊस आला, अंधारलं, काही झालं तरी. मी तेव्हा पोरसवदा होते, विचारलं होतं, वर जाता जाता मान वळवून मागच्या मारल्या तर काय बिघडतं? एकाच फेरीत काम. ते म्हणाले, “मान वळवून बघितलेली वाट वेगळी असते. उतरताना लागते ती वेगळी.”

मला वाटलं, म्हातारा उगाच भाव खातोय.

यंदा माझा उजवा गुडघा कामातून गेला होता. चढायला काही नाही, उतरताना मात्र ब्रह्मांड आठवतं. म्हणून मी एकाच फेरीत उरकलं. एक पट्टा पुढचा, मग मान वळवून, झाडाला वळसा घालून, एक मागचा. वर पोचल्यावर सामानाच्या जीपने मागच्या कच्च्या रस्त्याने खाली आले. कागदावर सही केली की खुणा नियमाप्रमाणे मारल्या. कुणाला कळणार होतं? पट्टा तो पट्टा. एवढं काय त्यात!

३

त्या रविवारी एक जोडपं उतरून आलं. दोघं निवृत्त, दोघांच्या हातात काठ्या, बाई बोलघेवडी. बूट आरशासारखे. मीच हौदीपाशी गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, कशी होती वाट?

“छान! आणि ते घर काय जपलंय हो तुम्ही,” बाई म्हणाल्या. “मी ह्यांना म्हटलं, वाट घरातून नेलीय, केवढी कल्पक माणसं आहेत ही.”

“कुठलं घर?”

“आता कुठलं म्हणजे? तुमचंच. झाडीतून एकदम दारच येतं की. चौकटीवर तुमचा पट्टा आहे. आत फरशी नुकती पुसलेली, म्हणून आम्ही पाय पुसले. बोळ आहे, खुंटीला कोट आहेत, मग स्वयंपाकघर, भिंतीवर पुन्हा पट्टा. आधण ठेवलं होतं कुणीतरी, झाकण खडखडत होतं. केवढं खरं केलंय!”

मी हसले. हसायलाच हवं होतं ना. वरच्या वाऱ्याने माणसाचं डोकं हलकं होतं, पाणी कमी प्यायलं की काहीबाही दिसतं. सव्वीस वर्षांत कितीतरी लोकांनी मला कायकाय सांगितलंय. पण दोघांना एकच दिसावं?

नवरा इतका वेळ गप्प होता. त्याने काठीला लागलेलं पान उगाच झटकलं आणि म्हणाला, “एक मात्र बरं नाही वाटलं. त्या मधल्या खोलीत एक गृहस्थ झोपलेले असतात. पांघरूण डोक्यावरून घेऊन. आपण त्यांच्या पलंगाला खेटूनच जायचं. आम्ही चवड्यांवर गेलो, तरी त्यांनी कूस बदलली.”

“पुतळा असेल हो,” बाई म्हणाल्या.

“पुतळा घोरतो का?” तो म्हणाला, आणि गुंड्याला उगाचच थँक्यू म्हणून चालू लागला.

गुंड्या माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “म्हातारी माणसं. मजा करतात.”

“ताई, पट्ट्यांना शेपटी आहे का विचारू का त्यांना?”

“गप बस,” मी त्याच्यावर खेकसले. इतकी का खेकसले ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. चढताना सगळं जिथल्या तिथे होतं. झरा, चिखल, पायऱ्या, माझे पट्टे. उतरतीच्या खुणा बघायच्या तर उतरायला हवं. झाडामागे जाऊन एकेक बघता आली असती, नाही असं नाही. पण मी एकाही झाडामागे गेले नाही. गुडघा दुखेल, असं कारण मी स्वतःला दिलं.

माथ्यावर दगडी ओटा आहे. तिथे डबा खाल्ला. लख्ख ऊन होतं, दोन कुटुंबं फोटो काढत होती, एक पोरगी चिप्सच्या पुडीसाठी भोकाड पसरून बसली होती. अशा ठिकाणी माणसाला कसली भीती? उठले आणि उतरायला लागले.

पहिली खूण झाडावर. माझीच, शेपटीसकट. दुसरी झाडावर. तिसरी झाडावर. तिसऱ्या झाडाशी उभं राहिलं की चौथी दिसायला हवी, अंतर मी स्वतः मोजून ठेवलेलं असतं. दिसली. पांढरा पट्टा, बरोबर उंचीवर, फांद्यांच्या मागे. फक्त तो बुंध्यावर नव्हता. बुंधा गोल असतो. पट्ट्याच्या मागचं जे होतं ते सपाट होतं, फिकट हिरव्या रंगाचं, आणि त्याला सरळ कड होती.

ऊन पडलंय म्हणून तसं दिसतंय, असं मी मनाशी म्हटलं. दोन पावलं पुढे गेले असते तर कळलं असतं. तेवढ्यात झाकण खडखडलं. आधण आल्यावर भांड्यावरचं झाकण खडखडतं तसंच, रोजचं, घरातलं. आणि कुणीतरी ते उचलून बाजूला ठेवलं.

मी मागे फिरले. धापा टाकत माथ्यावर आले आणि कच्च्या रस्त्याने खाली उतरले, सात किलोमीटर, त्या गुडघ्यावर. वाटेत एकही झाड मी धड बघितलं नाही. गुंड्याने गरम पाण्याची पिशवी दिली, म्हणाला, “काय गं, सगळं ठीक ना?”

“सगळं ठीक आहे,” मी सांगितलं.

५

पुढचे आठ-दहा दिवस मी फाटकावर बसून लोकांची बडबड ऐकली. विचारायची गरजच नव्हती, आपणहून बोलायचे. शाळेची सहल आली, त्यांच्या बाई म्हणाल्या, पोरांना गप्प ठेवता ठेवता नाकी नऊ आले, आत आजोबा झोपलेत ना. दोन दिवसांनी एक धावणारा तरुण आला, तो म्हणाला, आजोबा उठून पलंगाच्या कडेला बसलेत, एका पायात मोजा घातलाय, दुसरा हातात. नमस्कार केला तर बघितलं नाही. त्यानंतरच्यांनी सांगितलं, दोन्ही मोजे चढवून झालेत.

सगळे सुखरूप खाली येत होते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. कुणाला काही झालेलं नाही ना? मग कशाला बभ्रा करायचा?

शुक्रवारी एक बाई एकट्या आल्या. त्यांनी तक्रारवही मागितली आणि उभ्या उभ्या लिहिलं. ‘वाटेतल्या घरातल्या गृहस्थांना येण्याजाण्याचा फार त्रास होत असावा. आज पलंग रिकामा होता, अंथरूण गरम होतं, आणि ते दाराच्या मागे उभे होते. फक्त पाय दिसले. कृपया वाट दुसरीकडून न्यावी.’

ती वही साहेबांकडे जाते. साहेब तरुण, कपडे कडक इस्त्रीचे, आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला बोलावलं आणि वही पुढे सरकवली.

“हे काय आहे?”

“काय की. चेष्टा करत असतील.”

“उतरतीच्या खुणा उतरतानाच मारल्या होत्या ना?”

हा नियम मास्तरांचा, तोंडी. साहेबांना कुठून कळला? मग दिसलं, तो कागदावर छापलेलाच होता, माझ्या सहीच्या वर. “म्हणजे काय, उतरतानाच,” मी म्हटलं.

“तुम्ही म्हणता तर झालं. पण तसं नसेल तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. क्वार्टर पण सोडावं लागेल, तुम्हा दोघांना. उद्या कुणीतरी वाट उतरून बघून या.”

फाटकामागच्या त्या दोन खोल्यांत आमची आई गेली. आम्हाला दुसरं घर नाही. ऑफिसातून क्वार्टरपर्यंत तीनशे पावलं आहेत, आणि तेवढ्यात माझं ठरलं.

“गुंड्या,” मी म्हटलं, “उद्या तू जाऊन ये. माझा गुडघा काही खरा नाही.”

“जातो की,” तो म्हणाला. “त्या आजोबांसाठी काही नेऊ का?”

६

आमच्या दोघांकडे वॉकीटॉकीची एक जुनी जोडी आहे. ऑफिसच्या सेटवर तिचा आवाज लागत नाही, फक्त माझा त्याला आणि त्याचा मला. दुसऱ्या दिवशी वाट बंद ठेवली होती. मी हौदीच्या कठड्यावर बसले, सेट मांडीवर. सकाळचे अकरा वाजले असतील.

“ताई, उतरायला लागलो. पहिली दिसली. काय झकास मारतेस गं तू.”

“बोलू नको, चाल.”

“तिसरी. चौथी... ताई, खरंच दार आहे.”

मी म्हणू शकले असते, मागे फिर. मला वाटलं, गेलाच आहे तर बघू दे. एकदा कळलं की सुटले.

“पाय पुसतो,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज बारीक झाला, दुसऱ्याच्या घरात होतो तसा. “बोळ आहे. कोट आहेत. हे दार कण्हतंय जरा, तेल घालायला हवं. स्वयंपाकघर. भांडं उतरवून ठेवलंय. मधली खोली... पलंगावर कुणी नाही.”

“पुढे जा. थांबू नको.”

“जातो. ते... नमस्कार.”

ते तो मला म्हणाला नव्हता. बराच वेळ नुसतं सूं सूं. मी बटणावर अंगठा ठेवून बसले होते आणि समोर चार ब्रश साखळीला लटकत होते.

“ताई.” कुजबुजत होता तो. “ते विचारतायत, त्यांच्या भिंतींवर हे पांढरं कुणी मारलं.”

माझा अंगठा बटणावरून सरकला.

“ज्याने मारलं त्याने पुसून जायचं, म्हणतायत. बाकीच्यांशी त्यांचं काही नाही, बाकीच्यांनी वाटेला लागावं. ताई? काय सांगू?”

एकदा एका बाईंनी गुंड्याला मागणी घातली होती. रोपवाटिकेत कामाला होत्या, चांगल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, त्याला फिट्स येतात. त्या पुन्हा आल्या नाहीत. गुंड्याला हे पुढे कळलं आणि तो मला एका शब्दाने बोलला नाही, उलट मलाच वाईट वाटू नये म्हणून महिनाभर हसत राहिला. असा भाऊ.

“सांग की तू मारल्यास,” मी म्हटलं.

“मी? अगं पण मी ब्रशसुद्धा...”

“गुंड्या, एकदा सांगितलं ना? तू धडधाकट आहेस, तासाभरात पुसून होतील. माझ्याने होणार आहे का? सांग, तूच मारल्यास.”

मग तो कुणालातरी अदबीने म्हणाला, “मीच मारल्या, काका.”

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी पहिल्यांदा वाटलं ते हायसंच.

“ताई, पुसून टाक म्हणतायत सगळ्या. सुटलो की.” तो हसला. “काहीतरी फडकं... काय?” मग पुन्हा त्याचं ते बारीक बोलणं. “फडकं नको म्हणतायत. हातानेच.”

७

वाळलेला ऑइलपेंट हाताने पुसला जात नाही. नखाने खरवडावा लागतो, आणि नखं काही लोखंडाची नसतात.

संध्याकाळपर्यंत तो आला नाही, तेव्हा मी ऑफिसात सांगितलं. वीस माणसं तीन दिवस शोधत होती. वर गेली, खाली आली, त्यांचे बूट चिखलाने भरले होते. घर नाही, गुंड्या नाही. आणि उतरतीच्या खुणा तिसऱ्या झाडापुढे नव्हत्याच. बुंधे कोरे, जणू कधी रंगवलेच नव्हते.

“ह्या कुठे गेल्या?” साहेबांनी विचारलं.

मी पदर... छे, पदर कुठला, हातातला रुमाल डोळ्यांना लावला. म्हटलं, “साहेब, तो अलीकडे जरा विचित्रच वागायचा. घर आहे, आजोबा आहेत, असं लोकांना तोच सांगत सुटायचा. खुणा त्यानेच पुसल्या असणार. मी बोलले नाही, भाऊ पडला ना.”

साहेबांनी मान हलवली. तक्रारवही मिटून ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाने. नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं.

सेट मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवला होता. अशा सेटची बॅटरी एक दिवस टिकते, माझा मी रोज चार्ज करायची. गुंड्याचा सेट नवव्या दिवशीही चालू होता. रोज दुपारी बारा-साडेबाराला बोलायचा.

“नऊ झाल्या, ताई.” “बारा. तुझा रंग फार पक्का गं.” “आज कोपऱ्यातली ती शेपटी निघता निघेना.” मध्ये मध्ये नुसता घासल्याचा आवाज, खरखर, आणि नंतर नंतर तो ओलसर झाला. एकदा म्हणाला, “नखं गेली, पण आता दुखत नाही तेवढं.” एकदाही म्हणाला नाही की ताई, तू ये. त्याला माहीत होतं मी ऐकतेय. मी बटण दाबत नव्हते. काय बोलणार होते?

“काका बसलेले असतात समोर,” एकदा म्हणाला. “रागावत नाहीत. नुसते बघतात. सगळ्या झाल्या की सोडतो म्हणालेत. सदतीस ना गं, बाहेरच्या तीन सोडून चौतीस? तूच सांगायचीस.”

चौतीस. मी तारखेवर खूण करत होते. रोज एक-दोन व्हायच्या त्याच्या. महिनाभरात होईल, असा अंदाज होता. महिनाभराने काय, ते मी मनात येऊ देत नव्हते.

८

महिन्याच्या शेवटी साहेब म्हणाले, सुट्ट्या लागतायत, रविवारपासून वाट सुरू. खुणा नव्याने मारा. मदतीला माणूस देऊ का? नको म्हटलं. दुसऱ्याने हात बघितला तर प्रश्न विचारतो.

शनिवारी सकाळी मी डबा, ब्रश, टर्पेंटाइनची बाटली, फडकं घेतलं आणि पायथ्याशी उभी राहिले. नियमाने वागायचं तर सरळ वर जायचं आणि रंगवत रंगवत उतरायचं. पण उतरायचं म्हणजे तिसऱ्या झाडाच्या पुढे जायचं. आत तो, त्याचे हात तसे झालेले. आणि समोर बसलेले ते, ज्यांना विचारायचं असतं की कुणी मारलं. माझ्या ब्रशकडे बघून त्यांना विचारायचीसुद्धा गरज पडली नसती.

म्हणून मी पुन्हा चढता चढताच मारायचं ठरवलं. या वेळी झाडांवरच बसतील, मागच्या वेळी घाई झाली होती, असं मी स्वतःला बजावलं. कमरेला लावलेला सेट खरखरत होता.

“ताई,” गुंड्या म्हणाला. त्याच्या आवाजात इतक्या दिवसांनी जीव होता. “शेवटची चाललीय. थोडीच राहिली.”

मी पायथ्याच्या पहिल्या झाडापाशी गेले. वळसा घातला, मान वळवली, ब्रश बुडवला.

“झालं! ताई, झालं! चौतीस!” तो रडत होता की हसत होता कळेना. “काका उठले. दाराची कडी काढतायत. घरी येतो गं. पोटात कावळे ओरडतायत नुसते. काहीतरी करून ठेव.”

आणि मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं की तो खरंच येणार. फाटकातून आत येणार, साहेब विचारणार, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. मी सांगितल्याशिवाय आयुष्यात तो खोटं बोललेला नाही. तोवर माझा हात पट्टा मारून मोकळा झाला होता. वरून खाली, एका दमात.

“थांब हं, ताई.”

मी थांबले.

“इथे एक खूण आहे. दाराच्या आतल्या बाजूला. आत्ता नव्हती.” त्याने बोट लावून बघितलं असावं. “ओली आहे.”

माझ्या समोरच्या बुंध्याकडे मी बघितलं. मी आत्ता जिथे ब्रश फिरवला होता तिथे साल कोरडी ठणठणीत होती. रंगाचा ठिपका नाही.

ओला रंग होता. एका फडक्याचं काम, बाटली माझ्या खिशात होती. किंवा नुसतं तिथेच थांबायचं, ती एक त्याने अंगठ्याने पुसली असती आणि बाहेर आला असता. एवढंच करायचं होतं मला. काहीच न करणं.

मी दुसऱ्या झाडाशी गेले, वळसा घातला, मान वळवली आणि पट्टा मारला.

“ताई, काकांनी कडी परत लावली,” गुंड्या म्हणाला. “अजून एक आलीय. स्वयंपाकघरात.” मग अगदी हळू, “ताई, तू बाहेर आहेस ना? तूच ना?”

एवढ्या दिवसांत मी बटण दाबलं नव्हतं. आता दाबलं.

“सावकाश कर, गुंड्या,” मी म्हटलं. “घाई नाही.”

थोड्या वेळाने घासल्याचा आवाज सुरू झाला. मी डबा उचलला आणि तिसऱ्या झाडाकडे चढायला लागले.